पोटॅशियम ५.९ आलं: आईच्या ताटाआधी काय काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा: आईचं वय ६२, मधुमेह बऱ्याच वर्षांचा, क्रिएटिनिन २.६, ईजीएफआर (मूत्रपिंडाची रक्त गाळण्याची क्षमता) २० च्या आसपास, म्हणजे मूत्रपिंडाचं काम बरंच मंदावलेलं. नेहमीच्या तपासणीत पोटॅशियम ५.९ आलं. बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि पायांच्या सुजेसाठी लघवीची गोळी चालू आहे. रिपोर्ट पाहून घरच्यांनी फळं, पालेभाज्या, डाळ, नारळपाणी सगळं बंद केलं. तीन आठवड्यांत वजन दोन किलोनं उतरलं आणि पुन्हा तपासलं तर पोटॅशियम ५.८. आता आणखी काय बंद करायचं?

आणखी काहीही बंद करू नका. उलट बंद केलेल्यातलं बरंचसं परत सुरू करावं लागेल. ताटातून एवढं काढूनही आकडा हलत नाही, म्हणजे पोटॅशियम दुसरीकडून येतंय किंवा बाहेर जायची त्याची वाट अडलीय. ईजीएफआर २० असताना याचं कारण बहुतेक वेळा औषधांच्या डब्यात सापडतं. म्हणून आधी आकडा खरा आहे का ते बघा, मग घाई कितपत आहे ते, मग औषधं, मग साखर, रक्तातलं आम्ल आणि पोट साफ होणं, आणि शेवटी जेवण. घरोघरी हा क्रम नेमका उलटा लावला जातो.

शरीरातलं जवळजवळ ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. रिपोर्टमध्ये दिसतं ते उरलेल्या दोन टक्क्यांतलं. त्यामुळे पेशींतून थोडंसं जरी बाहेर झिरपलं तरी आकडा वर जातो, मग त्या दिवशी काही खाल्लेलं असो वा नसो. खाल्लेल्या पोटॅशियमपैकी साधारण ९० टक्के मूत्रपिंड लघवीतून काढून टाकतं, बाकीचं शौचावाटे जातं. मूत्रपिंड थकलं की आतडं आपला वाटा वाढवतं. हे पुढे बद्धकोष्ठाच्या वेळी कामाला येईल.

आकडा खरा आहे का

३.५ ते ५.० हे सर्वसाधारण प्रमाण. ५.५ च्या पुढचा आकडा अनपेक्षित आला तर पहिला प्रश्न रक्त कसं काढलं आणि लॅबपर्यंत कसं पोचलं हा. दंडाला पट्टा बांधून बराच वेळ शीर शोधली, 'मूठ उघडझाप करा' म्हणून सांगितलं, बारीक सुईतून जोरानं रक्त ओढलं, की हाताच्या स्नायूंतलं आणि नमुन्यातल्या फुटलेल्या लाल पेशींतलं पोटॅशियम रिपोर्टमध्ये येतं. रिपोर्टखाली बारीक अक्षरात 'हिमोलाइज्ड' (लाल पेशी फुटल्या) असा शेरा असेल तर तो आकडा धरूच नका, नमुना परत द्या. पण शेरा नाही म्हणून निर्धास्तही राहू नका. घरून घेतलेलं रक्त बर्फाच्या डब्यातून तालुक्याहून जिल्ह्याच्या लॅबला गेलं तर थंडीनं पेशींचा पंप मंदावतो आणि पोटॅशियम बाहेर झिरपतं. यात पेशी फुटत नाहीत, म्हणून शेराही येत नाही.

आणखी एक चूक वरचेवर दिसते. जांभळ्या बुचाच्या बाटलीत ईडीटीए हे पोटॅशियमयुक्त रसायन असतं. ती बाटली आधी भरली, किंवा त्यातलं रक्त दुसऱ्या बाटलीत ओतलं, तर पोटॅशियम भलतंच वर आणि त्याच नमुन्यात कॅल्शियम भलतंच खाली येतं. ही जोडी दिसली की पेशंटला नाही, नमुन्याला दोष द्यायचा.

परत तपासताना रक्त लॅबमध्ये जाऊनच द्या, मूठ सैल ठेवा, पट्टा मिनिटभराच्या आत सुटेल असं सांगा. शक्य असेल तर त्याच वेळी क्रिएटिनिन, बायकार्बोनेट (यावरून रक्तातलं आम्ल कळतं) आणि साखरही बघा. तुमच्या आईचे आकडे दोन वेळा ५.९ आणि ५.८ आले, म्हणजे ते बहुधा खरे आहेत.

घाई कधी

साधा हिशेब: ५.५ ते ५.९ आणि पेशंट ठीक असेल तर दोन-तीन दिवसांत परत तपासणी आणि डॉक्टरांशी बोलणं. ६.० ते ६.४ असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवून ईसीजी, आणि चोवीस तासांच्या आत परत तपासणी. ६.५ किंवा जास्त असेल तर रात्र असो वा सणाचा दिवस, थेट रुग्णालय. ६.० च्या वर असताना लघवी अचानक कमी झाली असेल, उलट्या-जुलाब किंवा ताप असेल तरीही रुग्णालयच.

लक्षणांची वाट बघू नका. पायांतली ताकद गेल्यासारखी वाटणं, जिना चढताना मांड्या जड होणं, छातीत धडधडणं, नाडी मंद होणं ही लक्षणं होतात, पण पुष्कळांना आधी काहीच जाणवत नाही. ईसीजी चांगला आला म्हणून ६.८ ला घरी पाठवणंही चूकच. अशा पेशंटचा ईसीजी काही तासांत बदलू शकतो.

औषधांचा डबा उघडा

आईची सगळी औषधं टेबलावर मांडा. चिठ्ठी बघून नाही, प्रत्यक्ष पाकिटं. पाकीट उलटं करून मागची घटकांची यादी वाचा.

सगळ्यात आधी लघवीची गोळी. घरचे म्हणतात 'लघवीची गोळी चालू आहे, मग पोटॅशियम कसं वाढेल?' फ्युरोसेमाइड आणि टॉरसेमाइड पोटॅशियम बाहेर काढतात हे खरं. पण त्यांच्याच जोडगोळ्या मिळतात, ज्यात बरोबर स्पायरोनोलॅक्टोन किंवा अ‍ॅमिलोराइड घातलेलं असतं. ती औषधं पोटॅशियम धरून ठेवतात. पट्टीवरच्या नावापुढे 'प्लस' वगैरे शेपूट असेल तर हमखास वाचा. ईजीएफआर २०, मधुमेह, टेल्मिसार्टन आणि वर स्पायरोनोलॅक्टोन ५० मिलिग्रॅम, एवढं जुळलं तर ५.९ येणारच, पालक खाल्ला की नाही याला फारसा अर्थ उरत नाही. तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय इथेच आहे. अशी जोडगोळी सापडली तर डॉक्टरांना आजच फोन करा. बहुतेक वेळा ती बदलून नुसतं टॉरसेमाइड दिलं जातं, म्हणजे सूजही उतरते आणि पोटॅशियमही बाहेर जातं.

दुसरा नंबर गुडघेदुखीच्या गोळ्यांचा. डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात आणि पोटॅशियम बाहेर टाकण्याची यंत्रणाही दाबतात. या गोळ्या चिठ्ठीवर नसतात. मेडिकलमधून सुट्या आणलेल्या असतात, आणि 'कधीतरीच घेते' म्हणजे आठवड्यातून चार वेळा असं खोदून विचारल्यावर कळतं. पॅरासिटामॉल चालतं.

लघवीच्या जंतुसंसर्गासाठी दिलं जाणारं को-ट्रायमोक्सॅझोल हे तिसरं. त्यातलं ट्रायमेथोप्रिम अ‍ॅमिलोराइडसारखंच वागतं आणि पाच-सात दिवसांच्या कोर्समध्येही पोटॅशियम वाढवू शकतं. मधुमेही बाईला वारंवार लघवीचं इन्फेक्शन होतं, त्यामुळे हे आवर्जून विचारायचं.

मग येतं थेट पोटॅशियमच. रुग्णालयातून सुटताना दिलेलं पोटॅशियम क्लोराइडचं सिरप कोणी थांबवायचं सांगितलं नाही म्हणून महिनोन्‌महिने चालू राहतं. त्याच्या १५ मिलीत साधारण २० मिलीइक्विव्हॅलंट, म्हणजे ७८० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. मुतखड्यासाठी दिलेल्या काही सिरपमध्ये पोटॅशियम सायट्रेट असतं. पुनर्नवा-गोखरूचे काढे, गव्हांकुराचा रस, सकाळचे हिरवे रस हेही याच खात्यात मोडतात. 'किडनी साफ करणारं' म्हणून जे जे घरी आलंय ते सगळं आधी थांबवा.

आणि मीठ. बीपी आहे म्हणून घरात 'कमी सोडियमचं' मीठ आणलं असेल तर पाकिटावर पोटॅशियम क्लोराइड किंवा ५०८ हा आकडा शोधा. सोडियम कमी करून त्या जागी तेच घातलेलं असतं. मिठात पाव भाग पोटॅशियम क्लोराइड असेल आणि दिवसाला ६ ग्रॅम मीठ पोटात जात असेल तर त्यातून दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड जातं, म्हणजे पुन्हा तेच ७८० मिलिग्रॅम. दोन केळ्यांएवढं, रोज, आणि जवळजवळ सगळं शोषलं जाणारं. निरोगी माणसाच्या बीपीला हे मीठ चांगलं आहे. आईसाठी नाही. साधं आयोडीनयुक्त मीठच, पण कमी. सैंधव म्हणजे मुख्यतः सोडियम क्लोराइडच. त्यानं पोटॅशियम वाढत नाही, पण ते 'चालतं' म्हणून सढळ हातानं घालायचंही नाही, सूज वाढेल.

टेल्मिसार्टनचं काय? इथे सावध राहा. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल ही औषधं पोटॅशियम वाढवतात, पण लघवीतून प्रथिनं जाणाऱ्या मधुमेही पेशंटचं मूत्रपिंड टिकवणारीही हीच. ५.८ साठी ती पहिल्या झटक्यात कायमची बंद करणं हा फारच महाग पडणारा उपाय आहे. आधी वरची सगळी कारणं काढायची, लघवीची गोळी योग्य ती द्यायची, आम्ल सुधारायचं, गरज पडली तर पोटॅशियम बांधणारं औषध द्यायचं, तरीही नाही जमलं तर डोस अर्धा. ६.० च्या पुढे गेलं तर ती तात्पुरती थांबवतात आणि आकडा उतरल्यावर कमी डोसनं परत सुरू करतात. हे निर्णय डॉक्टरांचे. घरी स्वतःहून गोळी बंद करू नका, पण 'ही थांबवलीत तर परत कधी सुरू करायची?' हा प्रश्न जरूर विचारा, कारण थांबवलेली गोळी परत सुरू करायची राहूनच जाते. डोस सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर दोन ते चार आठवड्यांत पोटॅशियम-क्रिएटिनिन तपासायचं. आईसारख्या पेशंटमध्ये मी पहिल्या दोन आठवड्यांतच बघणं पसंत करतो.

डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या गटाची मधुमेहाची औषधं मूत्रपिंडही जपतात आणि पोटॅशियम फार वाढण्याचा धोकाही काहीसा कमी करतात. ईजीएफआर २० पर्यंत ती सुरू करता येतात, म्हणजे आईच्या बाबतीत हा प्रश्न लवकर विचारलेला बरा. जाता जाता, मेटफॉर्मिन अजून चालू असेल तर तेही सांगा. ईजीएफआर ३० च्या खाली ते देत नाहीत.

साखर, आम्ल आणि पोट

इन्सुलिन पोटॅशियमला पेशीत ढकलतं. साखर ३५० असेल तर इन्सुलिनची कमतरता आहे, आणि पोटॅशियम पेशीबाहेर पडून राहतं. कित्येकदा साखर ताळ्यावर आली की पोटॅशियम अर्ध्या अंकानं आपोआप उतरतं. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा: साखर कमी झाल्यावर आईला संत्र्याचा रस किंवा केळं देऊ नका. १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर किंवा तीन चमचे साखर पाण्यातून द्या.

बायकार्बोनेट २२ च्या खाली असेल तर रक्तात आम्ल साठतंय, तेही पोटॅशियम वर ठेवतं. सोडा बायकार्बच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिवसातून दोन-तीनदा असा साधारण डोस असतो. त्यात सोडियम असतं, म्हणून सूज आणि बीपीवर नजर हवी. घरातला खायचा सोडा चमच्यानं घेणं हा त्याला पर्याय नव्हे. डोस मोजता येत नाही.

बद्धकोष्ठाकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. मूत्रपिंड थकल्यावर आतड्यातून जाणारं पोटॅशियम महत्त्वाचं ठरतं आणि तीन दिवस पोट साफ झालं नाही तर ती वाटही बंद. घरच्यांनी भाज्या-फळं पूर्ण बंद केली की नेमकं हेच होतं. लॅक्टुलोज १५ ते ३० मिली रात्री, रोज एकदा मऊ शौच होईल इतपत. मॅग्नेशियम किंवा फॉस्फेट असलेली जुलाबाची औषधं आणि एनिमा टाळा.

उपाशी राहणंही पोटॅशियम वाढवतं. इन्सुलिन कमी होतं आणि स्नायू झिजायला लागले की त्यांतलं पोटॅशियम रक्तात येतं. आईचं दोन किलो वजन गेलंय ते सगळं पाणी नव्हे.

आता ताट

पोटॅशियम वाढलेलं असताना दिवसाला साधारण २००० ते २५०० मिलिग्रॅमपर्यंत ठेवा असं सांगितलं जातं. हा आकडा दगडावरची रेघ नाही. रिपोर्टप्रमाणे सैल किंवा घट्ट करायचा. पोटॅशियम पाण्यात विरघळतं. शिजवताना ते पाण्यात उतरतं, आणि मग ते पाणी कोण पितं एवढाच प्रश्न उरतो.

म्हणून पुरणासाठी हरभरा डाळ भरपूर पाण्यात शिजवून निथळली तर डाळीतलं पोटॅशियम बऱ्यापैकी कमी होतं, पण कटाची आमटी आईच्या वाटीत आली की सगळं परत आलं. अळूचं फतफतं, पालकाची पातळ भाजी, शेवग्याच्या शेंगांची आमटी, टोमॅटोचं सार, कडधान्यांची उसळ रश्शासकट, मटणाचा अळणी रस्सा: इथे खोडी पाण्यात आहे. आमटी खालची घट्ट घ्या, रस्सा सोडा, हा सोपा नियम बरंच काम करतो.

वरणाची रीत अशी. तुरीची किंवा मुगाची डाळ ३० ग्रॅम, म्हणजे मूठभर, धुऊन दोन तास कोमट पाण्यात भिजवा. ते पाणी टाका. कुकरमध्ये नेहमीसारखं बेताचं पाणी घातलं तर पोटॅशियम तिथेच राहतं; त्याऐवजी पातेल्यात आठ-दहा पट पाण्यात बोटचेपी होईपर्यंत शिजवा, पाणी ओता, मग ताज्या पाण्यात घोटून फोडणी द्या. कुकरच हवा असेल तर पाणी जास्त घालून एकच शिटी काढा, निथळा आणि नव्या पाण्यात परत लावा. चव थोडी उतरते. हिंग, जिरं, आलं, लिंबाच्या चार थेंबांनी भरून काढता येते. चिंचेचा कोळ आणि गूळ हातचं राखून, दोन्हींत पोटॅशियम बरंच आहे.

बटाटा १०० ग्रॅममध्ये ४०० मिलिग्रॅमच्या पुढे आहे. तो रात्रभर पाण्यात भिजवून ठेवायचा सल्ला सर्रास दिला जातो, पण २००८ साली बटाट्यावर झालेल्या एका अभ्यासात नुसत्या भिजवण्यानं जेमतेमच फरक पडला. फोडी करून उकळल्यावर साधारण निम्मं पोटॅशियम गेलं आणि किसून उकळल्यावर पाऊण. म्हणजे मेहनत भिजवण्यावर नको. साल काढा, बारीक फोडी करा किंवा किसा, दहापट पाण्यात आठ-दहा मिनिटं उकळा, पाणी फेका. सालीसकट अख्खा उकडलेला, भाजलेला किंवा वाफवलेला बटाटा जसाच्या तसा राहतो. हीच रीत सुरण, रताळं, अळकुड्या आणि कच्च्या केळ्याला.

दुधी, दोडका, घोसाळं, पडवळ, काकडी, कोबी, ढोबळी मिरची, कांदा या भाज्या रोज एक-एक वाटी निर्धास्त द्या. फ्लॉवर, वांगं, भेंडी, गवार आलटून पालटून, चिरून उकळून पाणी काढलेलं असेल तर उत्तम. पालक, माठ, अळू, शेवगा यांच्यावर आकडा उतरेपर्यंत संयम, नंतर पंधरवड्यातून एकदा, उकडून पिळून.

फळं पूर्ण बंद करायची गरज नाही. सफरचंद, पेर, अननस, जांभूळ यांत १०० ग्रॅमला साधारण ८० ते १२० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. पपई-आंबा मधले, १७०-१८० च्या घरात, पण आंब्याची एक फोड वेगळी आणि वाटी-दीड वाटी आमरस वेगळा. २५० ग्रॅम रसात ४०० च्या पुढे जातं, साखरेचा भाग आणखी निराळा. केळं, पेरू, खजूर, मनुका, सुकं अंजीर सध्या नको. कलिंगड १०० ग्रॅमला कमीच, पण कोण १०० ग्रॅम खाऊन थांबतं? रस कुठल्याच फळाचा नको. नारळपाण्यात १०० मिलीला २०० ते २५० मिलिग्रॅम, म्हणजे एका शहाळ्यात ५०० ते ७००. हे मात्र घरच्यांनी बरोबर बंद केलंय.

कोकण-गोव्यात परसात मिळणारं करमळ, म्हणजे कमरख, पाच कोनांचं आंबट फळ, हे आईनं आयुष्यात परत खायचं नाही. त्याचा पोटॅशियमशी संबंध कमी आहे. त्यात मेंदूवर परिणाम करणारं एक विष असतं, जे निरोगी मूत्रपिंड काढून टाकतं. मूत्रपिंड निकामी असेल तर न थांबणारी उचकी, गोंधळ, झटके आणि मृत्यूही झालेले आहेत. लोणचं, सरबत काहीही नको.

भात पोटॅशियमला सगळ्यात सौम्य; शिजवलेल्या १०० ग्रॅमला ३५ मिलिग्रॅमच्या आसपास. ज्वारीची मध्यम भाकरी किंवा दोन पोळ्या १५० ते २००. दूध-दही मिळून दिवसाला २०० ते २५० मिली पुरे. अंड्यात जेमतेम ७० मिलिग्रॅम असतं आणि प्रथिनं सहा ग्रॅम, म्हणून जे खातात त्यांना डाळीच्या एका वाटीऐवजी अंडं हा चांगला सौदा आहे. प्रथिनं वजनाच्या दर किलोला ०.८ ग्रॅम हा बेत असतो. त्याहून फार खाली गेलं की स्नायू जातात.

आणि उपवास. 'आज उपास आहे, काही खाल्लं नाही' या दिवशी पोटॅशियमचं खाणं सगळ्यात जास्त असतं. साबुदाणा स्वतः निर्दोष आहे, १०० ग्रॅमला ११ मिलिग्रॅम. पण खिचडीतला बटाटा ४००, दाण्याचं ३० ग्रॅम कूट २००, दोन खजूर, एक केळं, रताळ्याचा कीस, राजगिऱ्याचा लाडू, संध्याकाळी शहाळं, अशी एकादशी २५०० च्या पलीकडे सहज जाते. आषाढी, श्रावणी सोमवार आणि नवरात्रात हे ध्यानात ठेवा. उपवास करायचाच असेल तर वरीचा भात, काकडीची दह्यातली कोशिंबीर, कमी कुटाची बिनबटाट्याची थोडी साबुदाणा खिचडी, एक सफरचंद. मधुमेहाच्या गोळ्या-इन्सुलिनचा डोस त्या दिवशी काय ठेवायचा हे आधी विचारून घ्या, साबुदाण्यानं साखर झपाट्यानं चढते.

पोटॅशियम बांधणारी औषधं

आपल्याकडे सर्वात जास्त वापरलं जातं ते कॅल्शियम पॉलिस्टायरिन सल्फोनेट, १५ ग्रॅमची पुडी, दिवसातून एक ते तीन वेळा, थोड्या पाण्यात ढवळून. ते आतड्यात पोटॅशियम धरून शौचावाटे बाहेर नेतं, त्यामुळे काम करायला तास-दिवस लागतात. ६.८ ला पुडी देऊन घरी थांबणं म्हणूनच धोक्याचं. फळांच्या रसात कालवून घेणारेही भेटतात. मग पुडीचा उपयोग काय? इतर गोळ्यांपासून किमान तीन तासांचं अंतर ठेवा, कारण ती गोळ्यांनाही धरून ठेवते. पोट साफ होत नसेल तर आधी ते सांगा, आणि पोट फुगून दुखलं किंवा शौचात रक्त दिसलं तर पुडी बंद करून लगेच दाखवा. याचंच सोडियमवालं रूप १५ ग्रॅमला सुमारे दीड ग्रॅम सोडियम घेऊन येतं, सूज असलेल्याला ते अडचणीचं.

नवीन दोन औषधं आहेत. सोडियम झिर्कोनियम सायक्लोसिलिकेट तासाभरातच काम सुरू करतं: १० ग्रॅम दिवसातून तीनदा, जास्तीत जास्त ४८ तास, मग रोज ५ ते १० ग्रॅम, त्याच्या ५ ग्रॅममध्ये ४०० मिलिग्रॅम सोडियम असतं. पॅटिरोमर ८.४ ग्रॅम रोज, सावकाश काम करतं. किंमत आणि मिळण्याची सोय बघून डॉक्टर ठरवतील. ज्यांना टेल्मिसार्टनसारखी गोळी टिकवायचीच आहे त्यांच्यासाठी ही औषधं खरी उपयोगाची.

रुग्णालयात काय चालतं

६.५ च्या पुढे किंवा ईसीजीत बदल असेल तर तीन वेगळी कामं होतात, आणि नातेवाइकांना ती ठाऊक असलेली बरी. पहिलं, हृदय सावरणं. टोकदार तंबूसारखी टी लाट, पी लाट नाहीशी होणं, क्यूआरएस रुंदावणं असं दिसलं की १० टक्क्यांचं कॅल्शियम ग्लुकोनेट १० ते ३० मिली शिरेतून पाच-दहा मिनिटांत. परिणाम मिनिटांत दिसतो, टिकतो अर्धा ते एक तास, आणि पोटॅशियमचा आकडा त्यानं जराही उतरत नाही. दुसरं, पोटॅशियम पेशीत ढकलणं: १० युनिट साधं इन्सुलिन, बरोबर २५ ग्रॅम ग्लुकोज. मूत्रपिंडाच्या पेशंटमध्ये इन्सुलिन जास्त वेळ रेंगाळतं, म्हणून पुढचे सहा तास दर तासाला साखर बघायला हवी. बोलता बोलता आई घामाघूम झाली तर सिस्टरना हाक मारा. साल्ब्युटामॉलची वाफही याच कामाची, पण त्याचा डोस १० ते २० मिलिग्रॅम, म्हणजे अडीच मिलिग्रॅमच्या चार ते आठ नळ्या. दम्यासाठी देतात तशी एक नळी देऊन 'नेब्युलायझेशन दिलं' असं लिहिण्यात अर्थ नाही. हृदयविकार असेल तर मात्र हात आखडता.

हे सगळं चार-सहा तासांचं उसनं. तिसरं काम, पोटॅशियम खरोखर शरीराबाहेर काढणं, हे लघवी होत असेल तर फ्युरोसेमाइड, बांधणारं औषध, आणि नाहीच जमलं तर डायलिसिस. इन्सुलिननंतर आकडा ५.६ झाला म्हणून सुट्टी मागू नका, तो परत चढतो.

डायलिसिसवर असलेल्यांचा हिशेब थोडा वेगळा. आठवड्यातून तीनदा डायलिसिस असेल तर मधली दोन दिवसांची सुट्टी धोक्याची, आणि आपल्याकडे खर्चापायी किंवा गाडीभाड्यापायी पुष्कळजण दोनदाच करतात, त्यांची सुट्टी तीन दिवसांची पडते. जड जेवणाची पंगत डायलिसिसच्या आदल्या दिवशी असली तर निभतं. लांब सुट्टीच्या पहिल्या दिवशी नको. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, त्यामुळे निव्वळ खर्चासाठी एक पाळी गाळत असाल तर आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भेटा. रक्त चढवायचं असेल तर ते शक्यतो डायलिसिस चालू असतानाच. साठवलेल्या पिशवीतल्या रक्तात पोटॅशियम जमलेलं असतं. आणि डायलिसिस संपल्या संपल्या काढलेला पोटॅशियमचा आकडा फसवा कमी असतो, पेशींतलं बाहेर यायला काही तास लागतात.

आईसाठी या आठवड्यात एवढं करा. लघवीच्या गोळीची घटकयादी, वेदनाशामक, मीठ आणि सिरप आज बघा आणि डॉक्टरांना फोन करा. दुधी-दोडका, एक फळ, निथळलेल्या डाळीची वाटी उद्यापासून सुरू करा. औषधात बदल झाल्यावर आठवड्याभरात पोटॅशियम, क्रिएटिनिन, बायकार्बोनेट, साखर पुन्हा तपासा, त्याच लॅबमध्ये जाऊन. मध्येच उलट्या-जुलाब लागले तर टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि डॅपाग्लिफ्लोझिनसारखं औषध त्या दिवसांपुरतं थांबवायचं का हे लगेच फोनवर विचारा. ओआरएस स्वतःहून लिटरभर पाजू नका. त्याच्या एका लिटरमध्येही २० मिलीइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं.